आपल्याच कंपनीचा माल आपण विकत घ्यावा का?

अंधेरीच्या एमआयडीसीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकत्याच लागलेल्या मुलीला सांगितलं जातं, "आपलं ॲप आपण सगळ्यांनी वापरायचं, आणि सबस्क्रिप्शन स्वतःच्या पैशाने घ्यायचं. गिऱ्हाईक पैसे मोजतं, मग आपण का नाही?" तिचे बाबा रेल्वेत आहेत, त्यांना दरवर्षी पास मिळतात. आत्या बँकेत आहे, तिच्या ठाण्याच्या फ्लॅटचं कर्ज स्टाफच्या दराने झालंय. एकाच घरात तीन नोकऱ्या, तीन वेगळे रिवाज, आणि तिघांनाही आपापला रिवाज अगदी सरळ वाटतो. मुंबईत अशी घरं शोधावी लागत नाहीत.

हा विषय निघाला की दोन मतं ठरलेली असतात. जिथे राबतो तिथलीच वस्तू विकत घ्यायला लावणं म्हणजे दिलेला पगार परत काढून घेणं, हे एक. खिशातून पैसे गेल्याशिवाय वस्तूची खरी पारख होत नाही, हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे. मी हा प्रश्न तीन भागांत मोडून बघतो. एक जादा वस्तू द्यायला कंपनीला खरोखर किती खर्च येतो? कर्मचाऱ्याला "नको" म्हणता येतं का? आणि ती वस्तू सुधारण्याचा अधिकार त्याच्या हातात आहे का? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते उत्तर तिथेच दडलेलं आहे. पण आधी खर्चाचं पाहू.

एक जादा वस्तू कितीला पडते?

इंग्लंडमध्ये मॅल्व्हर्न कॉलेज नावाची खासगी शाळा आहे. तिथल्या शिक्षकांच्या मुलांना एक पंचमांश फी भरून शिकता येई. वर्गात जागा रिकाम्या होत्या, त्यामुळे या मुलांपायी बाहेरच्या कुणाचा प्रवेश हुकत नव्हता. कायदा सांगत होता की मालकाने कर्मचाऱ्याला काही सोय दिली, तर ती द्यायला आलेल्या खर्चावर कर लागेल. मग खर्च किती? कर खातं म्हणालं, शाळेचा एकूण खर्च भागिले मुलांची संख्या. शिक्षक म्हणाले, असं कसं? इमारत होतीच, शिक्षक होतेच, दिवे लागलेलेच होते. आमच्या मुलांमुळे वाढलं ते जेवण, कपडे धुणं, वह्या-पुस्तकं. तेवढं तर आम्ही भरलेल्या एक पंचमांश फीत निघतं.

पेपर विरुद्ध हार्ट या नावाने गाजलेला हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला. मोजायचा तो फक्त वाढीव खर्च. (वकील मंडळींना हा निकाल वेगळ्या कारणासाठी पाठ असतो. कायद्याचा अर्थ लावताना संसदेतली भाषणं वाचायला न्यायालयाने त्यात मुभा दिली.)

ही वाढीव खर्चाची फूटपट्टी हातात घेतली की बरंच धुकं निवळतं. ॲपचं एक जादा खातं उघडायला कंपनीला जवळपास काहीच पडत नाही. सबस्क्रिप्शन हजाराचं असो की दहा हजारांचं, कर्मचाऱ्याला ते फुकट दिल्याने तिजोरीतून तेवढे रुपये जात नाहीत. मिक्सर बनवणाऱ्या कारखान्याचं तसं नाही. प्रत्येक मिक्सरमागे मोटर लागते, तांब्याची तार लागते, स्टीलचं भांडं लागतं. एक मिक्सर फुकट दिला म्हणजे तेवढा माल खरोखरच गेला. बँकेचं कर्ज तर याहून वेगळं, कारण कर्जाला दिलेला पैसा ठेवीदाराचा असतो आणि त्याला व्याज द्यावंच लागतं. म्हणून ॲपवाल्याने "बँकवाले तरी कुठे फुकट देतात?" असं म्हणणं, किंवा बँकेतल्याने ॲपवाल्यांचा हेवा करणं, दोन्ही गैरलागू.

अमेरिकेने १९८४ मध्ये हाच विचार कायद्यात बसवला. तिथे कर्मचाऱ्याला दिलेल्या सवलतीवर कर लागत नाही, पण वस्तू असेल तर सवलत कंपनीच्या नफ्याच्या प्रमाणापुरतीच, म्हणजे खर्चाच्या खाली भाव गेला की करमाफी संपली. सेवा असेल तर गिऱ्हाइकाच्या दरावर २० टक्क्यांपर्यंत. विमानातल्या स्टँडबाय तिकिटाला आणखी मोकळीक आहे. सीट तशीही रिकामीच जाणार असेल आणि कंपनीचं एकही गिऱ्हाईक त्यामुळे सुटत नसेल, तर ती सीट पूर्ण फुकट दिली तरी कर नाही. कलिन्यात, सांताक्रूझला विमान कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरी हा प्रकार सगळ्यांना माहीत असतो. बॅगा भरून विमानतळावर जायचं आणि सीट उरली तरच बसायचं.

फुकट मिळालं तरी हिशोब होतो

आपल्याकडे या सवलतींना पर्क्विझिट म्हणतात, ऑफिसच्या भाषेत पर्क्स. पैशात न मिळालेला पगार, असा त्याचा सोपा अर्थ. तो पगारात धरला जातो, त्यावर टीडीएस कापला जातो आणि वर्षअखेरच्या टीडीएस प्रमाणपत्रासोबतच्या पत्रकात त्याचा आकडा दिसतो. कर्मचाऱ्याने त्या वस्तूसाठी काही रक्कम भरली असेल तर तेवढी वजा होते. रकमांच्या मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं, म्हणून इथे मोजायची रीत तेवढी बघू.

मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या आयकर नियमावलीतला नियम ३ वाचला की लक्षात येतं, आपण एकच फूटपट्टी कधी वापरलीच नाही. कंपनीने स्वतः तयार केलेली वीज कर्मचाऱ्याच्या घरी दिली, तर तिची किंमत धरायची ती दर युनिटच्या उत्पादन खर्चाने. कंपनीच्याच शाळेत मूल शिकत असेल, तर त्याच भागातल्या तशाच शाळेत जो खर्च येईल तो. मॅल्व्हर्नच्या अगदी उलट! बस कंपनीने आपल्या माणसाला फुकट प्रवास दिला, तर बाहेरच्या प्रवाशाला पडणारं भाडं. आणि रेल्वेत किंवा विमान कंपनीत असाल, तर काहीच नाही, तो प्रवास करातून मोकळा. मुलीच्या बाबांचे पास या अपवादात बसतात. रेल्वेत मोफत पासाखेरीज पीटीओ नावाची दुसरी सोयही आहे. त्यात कर्मचारी एक तृतीयांश भाडं स्वतः भरतो. म्हणजे फुकट आणि विकत यांच्या मधली पायरी रेल्वेने कधीचीच शोधून ठेवली आहे.

आत्याच्या कर्जाची गोष्ट जरा गुंतागुंतीची. मालकाने बिनव्याजी किंवा कमी व्याजाने कर्ज दिलं, तर तुलना होते ती स्टेट बँकेच्या त्याच प्रकारच्या कर्जाच्या दराशी, वर्षाच्या पहिल्या दिवशी असलेल्या. समजा वर्षभर ५० लाख बाकी आहेत, स्टेट बँकेचा दर साडेआठ टक्के आणि स्टाफचा साडेपाच. फरक तीन टक्के, म्हणजे दीड लाख रुपये. हे दीड लाख आत्याच्या पगारात मिळवले जातील आणि ती ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्यावर ४५ हजार कर आणि वर उपकर लागेल. दीड लाखाच्या सवलतीतले एक लाखाहून थोडे जास्त तिच्याकडे उरले. फायदा आहेच, पण तिला वाटला होता तेवढा नाही.

बँक अधिकाऱ्यांच्या संघटनेने याला आव्हान दिलं. आमची बँक वेगळी, तिचे दर वेगळे, मग मोजमाप स्टेट बँकेच्या दराने का, असा त्यांचा एक मुद्दा होता. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने नियम कायम ठेवला. स्टेट बँक देशातली सगळ्यांत मोठी, तिच्या दराचा परिणाम इतर बँकांवर होतो, आणि सगळ्यांना एकच माप लावल्याने वाद कमी होतात, असं न्यायालयाने म्हटलं. स्वस्त कर्ज हा बँक कर्मचाऱ्यांनाच मिळणारा खास लाभ आहे, हेही स्पष्ट केलं. नरिमन पॉइंटपासून बीकेसीपर्यंत या शहरात इतकी बँक मुख्यालयं आहेत की या एका निकालाची झळ किती घरांत पोचली असेल, याचा अंदाज बांधता येतो.

मिक्सर कारखान्याला जीएसटीही बघावा लागतो. २०१७ च्या कायद्यात मालक आणि कर्मचारी हे एकमेकांशी "संबंधित" मानले आहेत. वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतची भेट कराच्या कक्षेबाहेर आहे, पण भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर कंपनीला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. आणि आठ हजारांचा मिक्सर स्टाफला पाच हजारांत विकला, तर कर पाचवर न लागता बाजारभावाच्या आठवर लागू शकतो. स्टाफ डिस्काउंट जाहीर करण्याआधी अकाउंट्सच्या माणसाला विचारा, एवढंच इथे पुरे.

गिरणीतलं खराब कापड

आता "नको म्हणता येतं का" या प्रश्नाकडे येऊ. मुंबईला याचं उत्तर फार पूर्वी, फार मोठी किंमत मोजून मिळालेलं आहे.

लालबाग-परळच्या कापड गिरण्यांत एक रीत होती. साचाखात्यातल्या, म्हणजे मागांवरच्या, विणकराच्या हातून कापडात खोट राहिली, तर ते कापड त्यालाच द्यायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. विणकराला आपल्याच कंपनीचा माल विकत घ्यावा लागे, तोही गिरणीला बाजारात विकता येत नसलेला माल. त्याला त्या कापडाची गरज नव्हती. मिळेल त्या भावाला विकून जे हाती येईल ते घ्यायचं आणि उरलेला तोटा सोसायचा.

खोट कुणाची होती, हा खरा प्रश्न. सूत हलक्या प्रतीचं असलं की धागा पुन्हा पुन्हा तुटतो. साचा जुना असला की वीण बिघडते. त्यात १९२० च्या दशकात गिरणीमालकांनी काटकसरीच्या योजना आणल्या आणि दोन साच्यांऐवजी तीन साचे एकेका विणकराने सांभाळावेत असा आग्रह धरला. सूत कोणतं घ्यायचं, साचा कधी दुरुस्त करायचा, एका माणसाकडे किती साचे द्यायचे, यातलं काहीही विणकराच्या हातात नव्हतं. बिघडलेल्या कापडाचं बिल मात्र त्याच्या नावावर फाडलं जाई.

१९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या संपामुळे बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. पगारकपात आणि काटकसरीच्या योजना ही मोठी कारणं होती, पण दंड आणि अशा वजावटींचा राग गिरणगावात कधीपासून साचलेला होता. संप मिटवताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला कामगारविषयक आयोग, रॉयल कमिशन ऑन लेबर, आला. त्याचा अहवाल १९३१ चा, आणि त्या सगळ्या मंथनातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. या कायद्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. पगार चालू नाण्यांत किंवा नोटांत द्यायचा, मालाच्या रूपात नाही. आणि कायद्यात लिहिलेल्या कारणांशिवाय पगारातून एक पैसाही कापायचा नाही. नुकसानीपोटी कापायचं असेल तर ते त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळेच झालेलं असलं पाहिजे आणि त्याला आधी आपली बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. आज त्याच तरतुदी २०१९ च्या वेतन संहितेत आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि सगळ्या वजावटी मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असं ती सांगते.

म्हणून कुठल्याही कंपनीच्या एचआरने "सबस्क्रिप्शनचे पैसे सरळ पगारातून वळते करू" असं सहज म्हटलं, तर त्या वाक्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे त्यांना कळायला हवं.

पण कायदा पगारपत्रकावर लक्ष ठेवतो, दबावावर त्याला ठेवता येत नाही. मार्च एंडला शाखेशाखेत काय चालतं ते बँका आणि विमा कंपन्यांतल्या लोकांना विचारा. टार्गेटला दोन पॉलिसी कमी पडतायत, साहेब रोज सकाळच्या कॉलवर नाव घेऊन विचारतायत, मग माणूस बायकोच्या नावाने एक पॉलिसी काढतो, भावाच्या नावाने दुसरी. पहिला हप्ता स्वतः भरतो. दुसऱ्या वर्षी भरणं झेपत नाही, पॉलिसी बंद पडते आणि पैसे बुडतात. पगारातून कुणी काही कापलेलं नाही. कागदावर सगळं स्वखुशीने झालेलं आहे. तरी मला यात आणि त्या खराब कापडात फरक दिसत नाही. वस्तू खपत नाही याचं कारण तिची रचना असेल, हप्ता असेल, लोकांची गरज नसणं असेल, आणि यातलं काहीही ठरवण्याचा अधिकार टार्गेट अंगावर घेणाऱ्या त्या पोराला नाही.

शिवाय यात कंपनी स्वतःचीच फसवणूक करते. खपाचे आकडे वर दिसतात आणि वस्तू खपत नाहीये ही बातमी वरपर्यंत पोचतच नाही. अशा दबावाखाली पॉलिसी घेतली असेल, तर एवढं लक्षात ठेवा: आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कपात होऊन हप्ता मिळतो. फ्री-लूक म्हणतात त्याला. हा हक्क कर्मचाऱ्यालाही आहे.

विम्यात एक सरळ सोयही आहे. १९३८ च्या विमा कायद्याचं ४१ वं कलम गिऱ्हाइकाला कमिशनमधून सूट द्यायला मनाई करतं. पण एजंटाने स्वतःच्या आयुष्याचा विमा काढला आणि तो खराखुरा एजंट असेल, तर त्या पॉलिसीवरचं कमिशन घेणं म्हणजे सूट घेणं धरत नाहीत. स्वतःच्या गरजेने स्वतःची वस्तू घेणाऱ्याला कायद्याने अडवलेलं नाही.

जिथे विकत घेणं सक्तीचं असावं

इथे एक उलटं उदाहरण घेतो, कारण ते पाहिल्याशिवाय गिरणीचं उदाहरण अर्धंच कळतं.

बीकेसीतल्या सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांच्या नियामक संस्थेने, २८ एप्रिल २०२१ रोजी म्युच्युअल फंड कंपन्यांसाठी एक परिपत्रक काढलं. फंड मॅनेजर, मुख्य अधिकारी आणि अशा नेमलेल्या कर्मचाऱ्यांना पगाराचा किमान २० टक्के भाग, कर वगैरे वजा जाता, ते स्वतः ज्या योजना सांभाळतात त्याच योजनांच्या युनिट्समध्ये द्यायचा. तीन वर्षं ते पैसे काढता येणार नाहीत. गैरव्यवहार किंवा गंभीर हलगर्जीपणा निघाला तर युनिट्स जप्त होऊन रक्कम योजनेत जमा होईल. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून हे लागू झालं. फंड उद्योगातून कुरकूर झाली, आणि २०२५ मध्ये सेबीने पगाराच्या टप्प्यांनुसार ही टक्केवारी कमी केली, खालच्या टप्प्यातल्यांना सोडून दिलं. मूळ कल्पना मात्र टिकली: लोकांचे पैसे जिथे गुंतवता, तिथे तुमचेही असू द्या.

म्हणजे ही सरळसरळ सक्ती. पगाराचा भाग स्वतःच्या मालात. तरी मला हा नियम योग्य वाटतो, आणि गिरणीची रीत अन्याय वाटते. फरक अधिकाराचा आहे. कुठले शेअर घ्यायचे, कुठले रोखे विकायचे, किती जोखीम उचलायची, हे फंड मॅनेजर ठरवतो. निर्णय त्याचा, म्हणून झळही त्याची. विणकराने काहीच ठरवलेलं नव्हतं. सेबीने २०२५ मध्ये खालच्या पगाराच्या लोकांना वगळलं, ते याच कारणाने मला पटतं.

मग सॉफ्टवेअर कंपनीतल्या त्या मुलीचं काय?

स्वतःची वस्तू स्वतः वापरून पाहण्याची पद्धत सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुनी आहे. १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पॉल मॅरिट्झ यांनी एका सहकाऱ्याला ईमेल करून कंपनीत आपलंच सॉफ्टवेअर जास्त वापरा असं सुचवलं, आणि तेव्हापासून ही रीत जगभर पसरली. वापरायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वापरणं आणि खिशातून पैसे देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पैसे देण्याच्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा असा. कर्मचाऱ्याचं फुकट खातं आतल्या बाजूने उघडलेलं असतं. पैसे भरायचं पान त्याला कधी दिसतच नाही. मुंबईतल्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक केले. पैसे कापण्याच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला कळवायचं आणि ठरावीक रकमेच्या वर प्रत्येक वेळी ओटीपी घ्यायचा. ती रक्कम आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. तेव्हा कितीतरी लोकांची सबस्क्रिप्शनं अधूनमधून बंद पडत होती. पैसे खात्यात असून हप्ता कापला जात नव्हता. ज्या कंपनीतले सगळे फुकट खात्यावर होते, तिथे हा त्रास कुणालाच जाणवला नसणार. गिऱ्हाईक ओरडेपर्यंत कळायला मार्ग नाही. तीच गोष्ट सबस्क्रिप्शन रद्द करण्याची. ते बटण किती खोल लपवलंय हे, ज्याचे पैसे कापले जातायत त्यालाच समजतं.

मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी खिसा कर्मचाऱ्याचाच का? कंपनीने तेवढे पैसे भत्ता म्हणून द्यावेत आणि म्हणावं, बाहेरच्यासारखं खातं उघड, स्वतःच्या कार्डाने पैसे भर, अडलं तर कस्टमर केअरला फोन लाव, ओळख सांगू नकोस, मग बिल लावून पैसे घे. गिऱ्हाइकाचा सगळा अनुभव मिळतो आणि पगाराला धक्का लागत नाही. एका जादा खात्याचा खर्च शून्याजवळ आहे हे आपण वर पाहिलंच. पैसे कंपनीतून निघून कंपनीतच परत येतात. मध्ये पेमेंट गेटवेचं थोडं शुल्क आणि जीएसटी गेला, तर तो चाचणीचा खर्च समजावा.

किंमत जास्त आहे की कमी, हे मात्र अशा भत्त्यातून कळणार नाही. परत मिळणारा पैसा बोचत नाही. आणि इथेच मी अधिकाराचा मुद्दा लावीन. ज्यांनी किंमत ठरवली, म्हणजे संस्थापक, प्रॉडक्ट हेड, मार्केटिंगचे वरिष्ठ, त्यांनी खिशातून, पूर्ण भावाने, परतावा न घेता पैसे द्यावेत. दर महिन्याला त्यांच्या कार्डावरून ती रक्कम जाऊ द्या, म्हणजे भाववाढीचा ठराव मांडताना हात जरा थबकेल. नुकत्याच लागलेल्या मुलीकडून, कंत्राटावरच्या टेस्टरकडून, गेटवरच्या वॉचमनकडून, डिलिव्हरीच्या पोरांकडून एक रुपया घेऊ नये. आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. वरच्यांना सगळं फुकट आणि खालच्यांना "कंपनीवर निष्ठा दाखवा". हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

काही वस्तूंबाबत तर फुकट मिळालं तरी नको म्हणण्याची मोकळीक हवी. आरोग्याचं ॲप, औषधं पोचवणारी सेवा, कर्जाचं ॲप. कर्मचाऱ्याने तिथे खातं उघडलं की त्याचा आजार, त्याची औषधं, त्याची उधारी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दिसू शकते. अशा ठिकाणी नोंदणी सक्तीची करणं म्हणजे माणसाची खासगी बाब चव्हाट्यावर मांडणं.

नोकरी घेताना आणि सोडताना

ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याबरोबर काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कंपनीची वस्तू वापरणं कामाचा भाग आहे का, असेल तर खर्च कुणाचा? सवलतीची रक्कम सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीने तुमच्यावरचा म्हणून दाखवलेल्या वर्षाच्या एकूण खर्चात, धरली आहे का? हे फार जण विचारत नाहीत. बाजारभावाने २० हजारांचं सबस्क्रिप्शन सीटीसीत दाखवलं असेल, तर कंपनीला जवळपास शून्याला पडलेली वस्तू तुमच्या पगाराचा २० हजारांचा भाग म्हणून मोजली जातेय. त्यावर कर कसा धरणार, हेही लगेच विचारा.

आणि नोकरी सोडताना काय होतं ते आधीच वाचून ठेवा. बँकेतून राजीनामा दिला की घरकर्जाचा स्टाफ रेट सहसा संपतो आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाचा दर लागतो. वर धरलेल्या उदाहरणात ५० लाखांवर तीन टक्के म्हणजे महिन्याला साडेबारा हजारांच्या आसपास व्याज वाढलं. नव्या नोकरीतली पगारवाढ त्यातच जिरू शकते. ॲपवाल्या कंपनीत खातं शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं, आणि त्यात चार वर्षांचे घरचे फोटो किंवा हिशोब ठेवलेले असतील तर ते आधी उतरवून घ्यावे लागतात. खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडलं असेल तर पासवर्ड बदलायचीही सोय राहत नाही. म्हणून फुकट खातंसुद्धा स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा, आणि कंपनी तसं करू देत नसेल तर त्यात घरचं काही ठेवू नका.